कुंपणानेच परस खाल्ले!

शहापूरला मावशीकडे गेलो की आधी परसात जायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचे, कपिलेश्वराला हात जोडून शहापुरात शिरायचे, गल्लीतल्या त्या लांबच लांब घराचा सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या दारी. सोप्यात एकेकाळी माग होता. शहापूर सांगली संस्थानात होते तेव्हापासूनचे हे विणकरांचे गाव. माग गेला, पण परस राहिले. विहीर, धुण्याचा दगड, तुळस, कढीपत्ता आणि शेजारच्या घराच्या बाजूला कमरेएवढा गडगा. गडग्याला लागून तगर आणि कोरांटी. त्या झुडपांतून पलीकडचे माणूस दिसायचे नाही, पण बांगड्यांचा आवाज यायचा. त्यावरून कोण आले ते मावशी ओळखायची आणि फटीतून हळदीची पाने सरकवायची.

यंदा गेलो तर परस नाहीसे झाले होते. म्हणजे जमीन होती, पण तिन्ही बाजूंनी पंधरा फूट उंचीची गडद हिरवी भिंत उभी होती. कोनोकार्पस!

मावसभावाचा दोष म्हणावा तर तसेही नाही. मागे तीन मजली इमारत झाली, तिच्या साऱ्या खिडक्या मावशीच्या धुण्याच्या दगडावर उघडल्या. सत्तरी ओलांडलेली बाई केस सुकवायला बाहेर बसेना. आडोसा ही काही श्रीमंतांची चैन नव्हे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. त्यामुळे त्याने रोपवाटिका गाठली. ‘दोन वर्षांत भिंत होईल’ असे सांगण्यात आले आणि ती झाली. एकसारखे दिसावे म्हणून त्याने तिन्ही बाजूंना लावली.

आता न्हाणीची मोरी तुंबते. खणून पाहिले तर पाइपात मुळांचा गुंता. ‘आणि सावली?’ मी विचारले. मावशी म्हणाली, ‘सावली हाय की. पण तुरुंगात बसल्यासारखं वाटतंय बघ. पलीकडची जगली का मेली तेबी कळत न्हाई.’

वाचकहो, हे शहापूरचेच दुखणे आहे असे समजू नका. पर्वरीत, फोंड्यात, म्हापशात नव्या बंगल्यांभोवती हेच चालले आहे. परदेशी किनाऱ्यांवरचे हे झाड झपाट्याने वाढते, म्हणून विकले जाते. गुजरातच्या वनखात्याने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिवाळ्यात उडणाऱ्या परागांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास आणि मुळांमुळे केबल, गटारे व नळ यांची हानी, ही त्याची कारणे. २०२५ मध्ये तामिळनाडूनेही तेच केले. आणि आम्ही मात्र रोपे मोजून घरी आणतो आहोत!

घाणेरीची गोष्ट तरी आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेचे झुडूप म्हणून आली. कुंपणाला छान म्हणून घरोघर गेली. आज पश्चिम घाटाची राने ती गिळत चालली आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच खरी झाली असेल.

यावर कोणी म्हणेल, ‘तुम्ही स्वदेशीवाले, परदेशी म्हटले की नाक मुरडणारे.’ मुळीच नाही. गोव्याच्या माणसाने तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. काजू पोर्तुगीजांनी आणला, मिरचीही त्यांच्यामुळेच आली. माझा मुद्दा पासपोर्टचा नाही. जे झाड स्वयंपाकघरात, देवघरात, औषधात, निदान पाखराच्या चोचीत तरी शिरते, ते आपले झाले. जे फक्त ‘दिसू देत नाही’ एवढेच काम करते, त्यापेक्षा सिमेंटची भिंत बरी. निदान ती मोरीत तरी शिरत नाही.

उंच सरळ ‘अशोक’ रांगेने लावणारेही पुष्कळ. तो सीतेचा अशोक नव्हे, एवढे तरी ठाऊक असावे. कोकीळ आणि वटवाघळे त्याची फळे खातात, म्हणून मी त्याला कोनोकार्पसच्या पंगतीत बसवत नाही. पण खरा सीताअशोक आपल्या सह्याद्रीतला, सावलीत वाढणारा, दाट पानांचा आणि केशरी फुलांचा. तो सावकाश वाढतो, एवढाच त्याचा गुन्हा.

खरी चूक झाड निवडण्याच्या आधीच होते. नजर कुठून येते, हे कोणी पाहतच नाही. मी मावशीच्या परसात मोजले. खिडकी सुमारे तीस फुटांवर, इमारत हद्दीपासून दहा फूट मागे, दगड हद्दीपासून पंधरा फूट आत. कुंपणावर ती नजर अडवायची तर वीस फूट उंची लागते. पण मावशीपासून हातभर अंतरावर आठ फुटांचा मांडव घातला, तर तेच काम होते. त्यावर जाई चढवा, दोडका चढवा, तोंडली चढवा. जागा असेल तर बकुळ किंवा सोनचाफा बसण्याच्या जागेजवळ लावा. वरून येणाऱ्या नजरेला छत्र हवे, कुंपण नव्हे.

शेजाऱ्याच्या उभ्या नजरेसाठी सहा-सात फूट पुरे. तिथे अडुळसा लावा. फांदी खोचली की जगतो, शेळी तोंड लावत नाही, खोकल्याला पाने मिळतात. त्याच्या पुढे कोरांटी, तिच्या पायाशी अबोली. ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे! उन्हाची बाजू असेल तर मेंदी, ओलीला निरगुडी. कण्हेर सुंदर, पण सर्वांगाने विषारी. लहान मुले, गुरे असतील तिथे नको. बांबूही चांगला, बेळगावचे जुने नावच वेणुग्राम, म्हणजे वेळूचे गाव. पण गल्लीतल्या चिंचोळ्या परसात त्याचे बेट मावणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

इंग्रजांनी मिठाचा कर बुडू नये म्हणून उत्तर आणि मध्य भारतात शेकडो मैल जिवंत कुंपण उभारले होते. हेतू दुष्ट होता आणि १८७९ मध्ये ती जकातरेषाच रद्द झाली. पण १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचा आयुक्त असलेला ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच, कुठल्या मातीत काय जगते ते तपासत बसला. लावले काय? बोर, बाभूळ, करवंद! परक्या राज्यकर्त्याला इथली माती विचारावीशी वाटली आणि आम्ही मोबाइलवरचा फोटो दाखवून रोप मागतो.

आमच्या भाषेत ‘आडोसा’ हा शब्द आहे. भिंत तोडते, आडोसा झाकतो. झाकूनही आवाज, वास, वारा आणि हळदीचे पान यांना वाट ठेवतो. ही वाट बुजली की शेजार मरतो. मग आजारी पडल्यावर पलीकडे कळवायलाही फोन लावावा लागतो.

मावसभावाशी दोन दिवस भांडलो. अखेर जुन्या शेजारणीच्या बाजूची रांग त्याने काढली. इमारतीच्या बाजूची मांडव होईपर्यंत राहणार आहे. मोकळ्या जागी मावशीने अडुळशाच्या फांद्या खोचल्या आहेत. मधे हातभर जागा तिने मुद्दाम सोडली. मावसभाऊ म्हणाला, ‘तिथंबी एक लाव की.’ मावशी म्हणाली, ‘नको. ती वाट हाय.’