अळीच्या पोटातील विषाणू आणि आपण

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अळीच्या पोटावर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. घाटेअळी हा कृषी महाविद्यालयाचा विषय, असे माझे मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी फी ज्या हरभऱ्यावर भरली जाते, त्यावर दरवर्षी पहिला हात ही अळी मारते. अर्धे अंग घाट्यात खुपसून आणि अर्धे बाहेर ठेवून ती निवांत जेवते. एकेक अळी तीस-चाळीस घाटे फस्त करते. तेव्हा तिच्या पोटात काय चालते याची चौकशी करण्याचा मला अधिकार आहे.

या अळीला एक रोग होतो. त्याच्या विषाणूला शास्त्रज्ञ एच.ए.एन.पी.व्ही. म्हणतात. हा विषाणू उघड्यावर हिंडत नाही. प्रथिनाच्या स्फटिकासारख्या एका कणात असे पुष्कळ विषाणू बंद असतात. तो कण पानावर किंवा मातीत पडून राहतो, पाण्याने विरघळत नाही. अळीने पान खाल्ले म्हणजे तो तिच्या पोटात जातो. आपल्या जठरात आम्ल असते; अळीच्या मधल्या आतड्यातला रस मात्र धुण्याच्या सोड्यासारखा तीव्र अल्कधर्मी असतो. पाला पचवायला उपयोगी पडणारी ही सोयच तिच्या मुळावर येते. त्या रसात कण विरघळतो आणि आतले विषाणू सुटतात. आतड्याचे पातळ अस्तर ओलांडून ते पेशींना चिकटतात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथे आपल्याच प्रती काढू लागतात. पुढे श्वासनलिकांच्या जाळ्यातून ते चरबीपर्यंत आणि कातडीपर्यंत पसरतात. अळीची भूक मंदावते. ती झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांवर उलटी लटकते आणि मरते. आतल्या अवयवांचे पाणी झालेले असते. कातडी फाटून ते पाणी खालच्या पानांवर गळते आणि ती पाने दुसरी अळी खाते.

मरणाऱ्या अळीला वर चढण्याची बुद्धी कोण देते? २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी जंगलातल्या जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळीवर प्रयोग करून दाखवले की, तिला वर चढवणारे जनुक विषाणूच्याच अंगात असते. आम्हांला नाट्यशास्त्र शिकवतात. पण पात्राला पडद्याआडून असे चालवणारा सूत्रधार मी अजून पाहिलेला नाही.

या औषधाचे मापही अळीचेच आहे. एक एल.ई. म्हणजे एका रोगट अळीच्या हिशेबाने ६ अब्ज कण, आणि हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. पुरतात. हा विषाणू माणसाला, गुराला वा मधमाशीला बाधत नाही. मग तो आमच्या गावात का नाही?

एक कारण शब्दात आहे. ‘विषाणू’ या शब्दात आधी विषच ऐकू येते. त्यात २०२० सालापासून तो शब्द घराघरांत भीतीचाच झाला. मी आमच्या अण्णांना हे औषध सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “रोगराई इकत आणून रानात टाकायची का?” विद्यापीठांच्या पुस्तिका मराठीत आहेत, हे खरे. पण त्यांत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ असे लिहिलेले असते. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की फवारा, असे का लिहू नये? मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि अण्णांना म्हणालो, हे रानाला लावायचे विरजण आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग दिस मावळताना लावावं लागंल. उन्हात इरजण नासतं.” पुस्तिकेतही तेच आहे. उन्हाने हा विषाणू निकामी होतो, म्हणून संध्याकाळी फवारायचे आणि द्रावणात थोडी नीळ मिसळायची.

दुसरे कारण शब्दांनी सुटणारे नाही. विषारी औषधाने अळी त्याच दिवशी गळून पडते. विषाणूला चार ते सात दिवस लागतात, आणि मोठ्या अळ्या त्याला सहजी दाद देत नाहीत. लहान असतानाच त्यांना गाठावे लागते. डोक्यावर उधारी असलेला माणूस अळी खात असताना चार दिवस स्वस्थ बसेल कसा? विष उधारीवर मिळते, धीर मिळत नाही. म्हणून ‘शेतकरी अडाणी आहे’ असे वर्गात कोणी म्हणाले की मला राग येतो.

पण विषाचा हिशेबही मांडला पाहिजे. १९८७ साली आंध्र प्रदेशात कापसावरची हीच अळी पायरेथ्रॉइड औषधांना जुमानेनाशी झाली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी करून आलेल्या माणसाचे लाल डोळे ज्याने घरात पाहिले आहेत, त्याला यावर अधिक सांगायला नको.

हे विरजण गावात तयार होऊ शकते. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने खेड्यांतल्या लोकांना ते शिकवलेही आहे. अळ्या जमवायच्या, विषाणू लावलेले हरभरे खाऊ घालायचे, मेलेल्या अळ्या वाटून फडक्याने गाळायच्या. या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खण द्यावा लागतो. एवढीच काय ती बडदास्त.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर हिवाळ्यात भरते, नेमके हरभरा घाट्यावर असताना. दरवर्षी आपण रस्ता झाडतो आणि पथनाट्य करतो. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, या वर्षी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातून एक सूक्ष्मदर्शक मागून न्यावा. कण त्यात दिसतात. पुस्तिका सोप्या मराठीत उतरवण्याचे काम आम्ही मराठी विषयाचे विद्यार्थी करू; चुकले तर दुरुस्त करायला अण्णांसारखी माणसे गावात आहेतच.