अर्धे औषध वाया का जावे?

तणनाशकाचा डबा विकत घेताना त्यातील सर्व औषध तणावर काम करील, असे शेतकरी बंधू धरून चालतात. हे नेहमीच खरे नसते. उजव्या पायाची वहाण डाव्या पायात नीट बसत नाही. काही रसायनांच्या रेणूंचेही असेच उजवे व डावे रूप असते आणि तणावर बहुधा त्यांतील एकच लागू पडते. साध्या रीतीने औषध बनविले असता दोन्ही रूपे सारख्याच प्रमाणात तयार होतात. निरुपयोगी रूपाचे पैसे शेतकरी भरतो आणि ते त्याच्याच मातीत जाते.

यावर उपाय म्हणजे हवे तेच रूप घडविणारा उत्प्रेरक. उत्प्रेरक हा क्रिया घडवितो, पण स्वतः खर्ची पडत नाही. मेटोलाक्लोर हे तणनाशक १९७६ पासून मिश्र रूपात विकले जाई. त्याचा गुण मुख्यतः 'एस' रूपात आहे, असे १९८२ मध्ये आढळले. पुढे १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीने इरिडियम धातूच्या उत्प्रेरकाने प्रामुख्याने तेच रूप बनविण्यास आरंभ केला. त्यामुळे शेतात लागणारी मात्रा सुमारे एक-तृतीयांशाने उतरली.

इरिडियम मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. बेंजामिन लिस्ट व डेव्हिड मॅकमिलन यांनी २००० साली धातूविना, लहान सेंद्रिय रेणूंनीही हे कार्य साधते असे दाखविले. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असे उत्प्रेरक सिलिकाच्या कणांवर बसवून, गाळून पुन्हा वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. वारंवार वापराने त्यांची शक्ती उणावते, ही मोठी अडचण आहे.

आमच्या मते हे संशोधन केवळ कारखानदारांचे नव्हे, शेतकऱ्यांचेही आहे. पुन्हा वापरता येणारा स्वस्त उत्प्रेरक मिळाल्यास शुद्ध औषध लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ शकेल. तोपर्यंत ग्रामसेवकांनी एवढे अवश्य करावे: एस-मेटोलाक्लोर, फ्लुआझिफॉप-पी-ब्युटाइल अशा नावांतील 'एस' व 'पी' या अक्षरांचा अर्थ शेतकऱ्यांस समजावून द्यावा. ती योग्य रूपाची खूण होय. मिश्र औषधाचे जुने माप अशा औषधास लावू नये. चिठ्ठीवरील मात्राच पाळावी. शुद्ध औषध जुन्या मापाने ओतले, तर प्रयोगशाळेतील सारी बचत बांधावरच वाया जाईल.