शिपायाचे रक्षण की गरिबास धाक?

पोलिसावर हात टाकणाऱ्यास अधिक कडक सजा पाहिजे, अशी मागणी दर दोनचार वर्षांनी उठते. ऐकावयास ती बरी वाटते. कर्तव्य बजावताना ज्याचे डोके फुटले त्याच्या बाजूने कोण उभा राहणार नाही? आम्हीही उभे आहोत. परंतु शेतकरी बंधूंनो, औषध देण्यापूर्वी रोग कोणास झाला हे पाहावे लागते. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते. आणि महाराष्ट्रात ती एकदा होऊन चुकली आहे.

प्रथम शिपायाचेच बोलू. हेमलकसा ज्या भामरागड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात लाहेरीजवळ 8 ऑक्टोबर 2009 रोजी नक्षलवाद्यांनी 17 पोलीस मारले. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीस मरकेगावी 15 पडले होते. 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. ही पोरे कोणाची? गडचिरोलीचे सी-60 पथक 1990 साली उभे राहिले ते ह्याच मुलखातील तरुण घेऊन. ज्यांच्या आया धानाची रोवणी करतात, मोहफुले वेचतात, अशा घरांतले हे तरुण. ते आमचे आहेत, आणि त्यांचे मरण आमच्या दारातले मरण आहे.

आता सांगा, त्यांच्या मारेकऱ्यांस कायद्यात शिक्षा कमी होती काय? खुनास फाशी 1860 सालच्या पीनल कोडापासून आहे. फाशीची दोरी समोर असून ज्याने सुरुंग पेरला, तो दोनाची पाच वर्षे झाली म्हणून थांबणार होता काय?

तरीही विधिमंडळाने तेच केले. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईस खार येथे एका वाहतूक हवालदाराच्या डोक्यात घाव घातला गेला व ते दगावले. लोक हळहळले, संतापले, आणि कडक कायद्याची मागणी जोराने उठली. मग पीनल कोडाच्या कलम 353 मध्ये महाराष्ट्रापुरती दुरुस्ती झाली व जून 2018 पासून ती अमलात आली. सरकारी नोकरास कामात अडथळा करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती, ती पाच वर्षांपर्यंत गेली. खटला मॅजिस्ट्रेटाकडून उचलून सेशन्स कोर्टात नेला. हवालदाराच्या खुन्यास खुनाचे कलम होतेच. मग हे नवे ओझे कोणाच्या पाठीवर पडले?

ऐका. कायद्याच्या भाषेत 'हल्ला' म्हणजे डोके फोडणेच नव्हे. हात धरणे हा बळाचा वापर होऊ शकतो. अंगावर धावून जाण्याचा आविर्भावही हल्ल्यात बसतो. आणि 'सरकारी नोकर' म्हणजे पोलीसच नव्हे; त्यात तलाठी आला, वनरक्षक आला. समजा, एक माडिया बाई जंगलातून सरपणाची मोळी घेऊन येत आहे. वनरक्षक मोळी ओढतो, ती सोडीत नाही, झटापट होते. झाला गुन्हा! फिर्यादी सरकारी, साक्षीदार त्याच्याच बरोबरचा, आणि तपास करणारा त्याच सरकारचा पगारदार. बाईची भाषा माडिया, कागद मराठीत, वकिलाचा युक्तिवाद तिसऱ्याच भाषेत. जिल्ह्याचे न्यायालय गडचिरोलीस, हेमलकशाहून दीडशे किलोमीटरांच्याही पलीकडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. तारखेस पोचली नाही तर वॉरंट निघणार. निर्दोष सुटण्याआधीच तिची सजा भोगून होते.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. कलमाचा दुरुपयोग होतो अशी तक्रार 2023 साली खुद्द आमदारांनी सभागृहात केली आणि गृहमंत्र्यांस फेरविचाराची भाषा बोलावी लागली. गरिबाच्या पाठीवर वळ उठले तोवर सभागृह झोपले होते. पुढाऱ्यांच्या पायात तोच खोडा अडकला तेव्हा जागे झाले! पुढे 1 जुलै 2024 पासून जुने पीनल कोड गेले व भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 132 मध्ये ह्या गुन्ह्यास पुन्हा दोन वर्षांचीच मर्यादा ठेवलेली आहे. प्रत्यक्ष इजा केली तर कलम 121 खाली पाच वर्षांपर्यंत, जबर इजा केली तर दहा वर्षांपर्यंत कैद आहेच. म्हणजे खऱ्या हल्लेखोरास पुरेसा कायदा आहे. तो आणखी वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, पाच वर्षांच्या कलमाने कोणत्या शिपायाचा जीव वाचविला? जांभुळखेडे घडले ते कलम अमलात असतानाच ना?

आता नाण्याची दुसरी बाजू. मार्च 1972 मध्ये ह्याच मुलखात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोघे पोलीस. हायकोर्टाने त्यांस सजा दिली. 1978 साली सुप्रीम कोर्टाने सोडून दिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा 1983 साली कायदा बदलून कोठडीतील बलात्कारास किमान दहा वर्षांची सजा ठरली. कबुलीसाठी मारहाण करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद तर पूर्वीपासूनच आहे. कागद दोन्हीकडे कडक आहे. पण शिपायाविरुद्धची फिर्याद लिहून कोण घेणार? त्याच ठाण्यातला शिपाई! कुंपणच शेत खाऊ लागले तर शेताने दाद कोणाकडे मागावी?

कायदा लिहिणारा निराळा. काठी धरणारा आमचा, आणि काठी खाणाराही आमचाच. दोघांस एकमेकांवर घालून वरचे मोकळे राहतात, हे दोघांनीही ओळखावे. शिपाईभाऊ, तुझ्या जिवाची सरकारला काळजी असेल तर त्याने तुला सुरुंगापासून वाचविणारी गाडी, राहावयास धड घर आणि हक्काची रजा द्यावी. 1966 च्या कायद्याने तुला संघटना करण्याचीही मोकळीक ठेवलेली नाही. तुझे दुखणे तुला मांडू द्यावे. कलमाची वर्षे वाढविण्यास सरकारला एक पैसा लागत नाही, म्हणूनच ते देणे त्याला सोपे वाटते.

आणि रयतेस काय पाहिजे? ज्या खटल्यात पोलीसच फिर्यादी असेल त्याचा तपास दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे द्या. सुप्रीम कोर्टाने 2006 साली सांगितलेले पोलीस तक्रार प्राधिकरण गडचिरोलीच्या माणसास पायी गाठता येईल असे करा. ठाण्यात कॅमेरे लावण्याचा 2020 चा हुकूम भामरागडासही लागू आहे, तो पाळा. माडिया माणसाचा जबाब त्याच्या भाषेत, दुभाष्यासमोर घ्या.

हेमलकशाने एक धडा कधीच दिला आहे. डिसेंबर 1973 मध्ये बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा परका माणूस दिसला की माडिया लोक जंगलात पळत. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला, आणि पळणारे लोक आजारी पोर कडेवर घेऊन आपण होऊन येऊ लागले. त्यांच्या हाती कोणते कलम होते?

तेव्हा बंधूंनो, पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: शिपायास मारणाऱ्यास सजा व्हावी, आणि शिपायाने मारले तर त्यासही व्हावी, तराजू एक, माप एक. ज्या दिवशी गरीब माणूस न भिता ठाण्याची पायरी चढेल, त्या दिवशी शिपायाच्या अंगावर धावून जाणाऱ्यास गावच आडवे येईल.