मावसभाऊ म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे!

परवा एका जुन्या विद्यार्थ्याने एक फोटो पाठवला. १९१३ सालचा, बर्लिनचा. कैसर विल्हेल्मच्या मुलीच्या लग्नाला जमलेले इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस शेजारी शेजारी उभे. दोघेही जर्मन गणवेशात. तीच दाढी, तेच डोळे. जुळे भाऊ म्हणून खपतील. खाली त्याने लिहिले होते, "सर, राजे असले तरी किती घट्ट नाती होती नाही?"

नव्हती! आणि हा गोड गैरसमज पसरवण्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहायला बसलो. पहिले महायुद्ध म्हणजे एका आजीच्या नातवंडांचे भांडण, असे मीच वर्गात रंगवून सांगत असे. मुले हसत, तास छान होई. पण ते खरे नव्हते.

आधी नाती नीट लावून घेऊ. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'कझिन' शब्द, त्यामुळे गोंधळ होतो. आपल्या मराठीत हिशेब चोख आहे. व्हिक्टोरिया राणीला नऊ मुले. थोरल्या मुलीचा मुलगा विल्हेल्म, म्हणजे जॉर्जचा आतेभाऊ. दुसऱ्या मुलीची, अ‍ॅलिसची, मुलगी अलेक्झांड्रा ही जॉर्जची आतेबहीण. तिने केले निकोलसशी लग्न. आणि निकोलसची आई व जॉर्जची आई या डेन्मार्कच्या राजाच्या लेकी, सख्ख्या बहिणी. म्हणजे निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ आणि आतेबहिणीचा नवरासुद्धा. आपल्याकडे असा माणूस दारात आला तर आधी पाय धुवायला पाणी देतात, चौकशी मागून करतात.

आता पुढे काय झाले ते बघा. मार्च १९१७ मध्ये झारने सिंहासन सोडले. जॉर्जने तार केली की मी तुझा मित्रच राहीन. ती तार निकोलसच्या हाती कधी पडलीच नाही. रशियाच्या हंगामी सरकारने इंग्लंडला विचारले, यांना आश्रय देता का? २२ मार्चला लॉईड जॉर्जच्या सरकारने होकार दिला. लक्षात घ्या, होकार सरकारने दिला होता.

नकार आला तो राजवाड्यातून. ३० मार्चला राजाचे खासगी सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांनी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना राजाला ही गोष्ट बरी वाटत नाही असे कळवले. ६ एप्रिलला पुन्हा पत्रे गेली, या वेळी स्वर कडक. झार इथे आला तर जनतेला ते खपणार नाही आणि राजाराणीची अडचण होईल, सबब संमती मागे घ्यावी. सरकारने पाऊल मागे घेतले.

१७ जुलै १९१७ रोजी राजाने आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले. बरोबर एक वर्षाने, १६ आणि १७ जुलै १९१८ च्या मधल्या रात्री, येकातेरिनबर्गच्या एका तळघरात निकोलस, अलेक्झांड्रा, चार मुली आणि तेरा वर्षांचा आजारी अलेक्सी यांना गोळ्या घालण्यात आल्या. सोबत डॉक्टर आणि तीन नोकरही होते. त्यांची नावे कोणी सांगत नाही, कारण ते कोणाचे आतेमामे नव्हते.

राजाचे कैवारी दोन मुद्दे मांडतात. पहिला असा, की बोलावले असते तरी पेट्रोग्राडच्या सोव्हिएतने झारला सोडले असते कशावरून? मुद्दा खरा आहे. कदाचित ते वाचलेही नसते. पण शेजारी पेटलेल्या घरातून हाक मारत असताना, तो वाचणार नव्हताच, म्हणून कडी लावणाऱ्याला आपण काय म्हणतो? दुसरा मुद्दा असा, की राजाला स्वतःचे सिंहासन सांभाळायचे होते. हेही खरे. निकोलस काही साधुपुरुष नव्हता. १९०५ साली त्याच्या राजधानीत निःशस्त्र मोर्चावर गोळ्या चालल्या, ते इंग्लंडचे कामगार विसरले नव्हते. मग तसे उघड सांगावे की! "मला माझी गादी प्यारी," असे म्हणणारा माणूस निदान खरा तरी असतो.

माझा खरा राग इथे आहे. राजाने नाते मोडले याचा नाही, ते ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले याचा. पुढे कितीतरी वर्षे जग हेच मानत राहिले की झारला नाकारले ते त्या कडक पंतप्रधानाने, लॉईड जॉर्जने. बिचारा राजा काय करणार? लॉईड जॉर्जनेही आठवणी लिहिताना राजाकडे बोट दाखवले नाही. १९८३ साली केनेथ रोझ यांनी पाचव्या जॉर्जचे चरित्र लिहिले, तेव्हा कुठे वाड्यातली ती पत्रे सामान्य वाचकांपर्यंत पोचली. तोवर लॉईड जॉर्जला जाऊन अडतीस वर्षे झाली होती. मेलेल्या माणसाच्या अंगावरचा डाग पुसायला इतका वेळ?

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगतो. १९१९ साली जॉर्जने क्रिमियाला युद्धनौका पाठवून निकोलसच्या आईला, म्हणजे आपल्या मावशीला, सुखरूप आणवले. म्हणजे बोट पाठवता येत होती. म्हातारी मावशी गादीला धोका नव्हती, एवढाच फरक.

शेवट ऐका. १९९१ मध्ये हाडे उकरून काढली. ती ओळखायची कशी? अलेक्झांड्राच्या बहिणीचा पणतू नव्हे, नातू शोधला. तो होता इंग्लंडच्या राणीचा नवरा, प्रिन्स फिलिप. त्याच्या रक्ताशी जुळणी करून १९९३ साली ओळख पटली. ज्या घराने जिवंतपणी ओळख दाखवली नाही, त्याच घरातल्या रक्ताने मेल्यावर ती पटवली.

तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगतो : बाळ, फोटोत शेजारी उभे राहायला नाते लागत नाही. दार उघडायला लागते. आणि तुला तेव्हा चुकीचे शिकवले, ते आज दुरुस्त करून घे.