गुरुपौर्णिमा आणि वर्षावास

आषाढी पौर्णिमेस नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा येथे तापीतीरी गुरुपूजन चालते, त्याच दिवशी बुद्धविहारांत वर्षावास आरंभतो. आपल्या कोजागरीपर्यंत तेथे उपासक-उपासिका जमतात, पालीतून त्रिशरण-पंचशील म्हणतात, डॉ. आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीसमवेत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेपासून महाराष्ट्रात घरोघरी ती मुखोद्गत ठेवली शेतमजुरांनी, गृहिणींनी. ज्यांच्या पूर्वजांना संस्कृत पाठशाळांची दारे बंद होती, त्यांनीच ही प्राचीन वाणी जपली. संस्कृताभिमान्यांस हे विचारात पाडणारे आहे. वाचकहो, यंदाच्या चातुर्मासात विहारात जाऊन ते पठण अवश्य ऐकावे, असे आम्ही सुचवितो.