बोटांनाही हवीत गोष्टीची पुस्तकं

मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावच्या वाचनालयांत बालविभागाची वर्गणी भरायला आयांची गर्दी होते. टीव्ही आणि मोबाइलपासून जरा तरी सुटका, हा आपला स्वार्थ त्यात असतोच; पण मुलांचीही चंगळ असते. कपाटासमोर उकिडवं बसायचं, दहा पुस्तकं उपसायची, चित्रं बघून नऊ नाकारायची आणि एक घरी न्यायचं. हे नाकारणं फार महत्त्वाचं. वाचनाची गोडी म्हणतात ती पुष्कळदा इथेच लागते, आपलं पुस्तक आपण निवडण्यात. ज्या मुलाला दिसत नाही त्याच्या वाट्याला ही निवडच येत नाही. मिळेल ते पुस्तक, मिळेल तेव्हा, आणि तेही कुणी वाचून दाखवलं तर.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. १९६७ पासून आपल्याकडे ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. (ते पुरतं का, हे ग्रंथपालांना विचारू नका, डोळ्यांत पाणी येईल.) यांतल्या आपल्या घराजवळच्या वाचनालयात जाऊन एकदा सहज विचारा, ‘ब्रेलमधलं गोष्टीचं पुस्तक आहे का हो?’ बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, ‘अशी मुलं आमच्याकडे येतच नाहीत.’ बरोबर आहे. येऊन करतील काय? ज्या दुकानात आपल्या उपयोगाचं काहीच नाही, त्या दुकानाची पायरी आपण तरी चढतो का? २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या माणसांची देशातली संख्या पन्नास लाखांवर होती. त्यांतली मुलं कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी वाडीवर राहतातच ना?

पूर्वी अंध मूल म्हटलं की अंधशाळा, वसतिगृह असं ठरलेलं असे. मुंबईत दादरची शाळा १९०० पासून, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ पासून, पुण्यातली १९३४ पासून. या शाळांत ब्रेलची पुस्तकं असतात, शिकवणारे असतात, मुख्य म्हणजे वाचणारी इतर मुलं असतात. आता पुष्कळ मुलं घरी राहून गावातल्याच शाळेत जातात. ते चांगलंच आहे. सहा वर्षांचं लेकरू आईपासून दूर ठेवायचं कशाला? पण या मुलाला ब्रेल शिकवणारे विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरत असतात. ते आले की शिकायचं, गेले की सराव करायला हातात काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यांना पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण ‘पुस्तकं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकंच येतात. आपली मुलं वाचायला शिकली ती काय फक्त बालभारतीवर? चांदोबा, किशोर, दिवाळी अंकांतली मुलांची पानं, भेळेच्या कागदावरची अर्धवट बातमी, रस्त्यावरच्या पाट्या, असं सगळं मिळून ती शिकली. अंध मुलाच्या आजूबाजूला अक्षरांचा हा पाऊसच पडत नाही.

ब्रेल म्हणजे काहीतरी अवघड, खास लोकांनी शिकायची लिपी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती विणकामाच्या नमुन्यापेक्षा सोपी आहे. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके, झालं एक घर. सहांपैकी कुठले ठिपके वर उचललेले आहेत त्यावरून अक्षर ओळखायचं. डावीकडच्या ओळीतला वरचा आणि खालचा ठिपका म्हणजे क. त्याच ओळीतले तिन्ही ठिपके म्हणजे ल. भारतीय भाषांसाठी १९५१ साली एकच भारती ब्रेल ठरलं, त्यामुळे मराठीतला क आणि तमिळमधला क बोटाला सारखाच लागतो. आणखी एक गंमत म्हणजे छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते, म्हणून पहिलीतली मुलं गोंधळतात. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतरच येते. पाटी आणि टोचणीसारखी लेखणी घेऊन लिहिताना मात्र उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण कागद उलटल्यावर उठाव मागच्या बाजूने हाताला लागतो. आईने दुपारचा अर्धा तास काढला तर दोन-तीन महिन्यांत तिला हे डोळ्यांनी वाचता येतं. बोटांनी वाचणं ही वेगळी गोष्ट; ते मुलांनाच लवकर जमतं, आणि लहानपणी सुरू केलं तर फारच छान जमतं.

‘आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो, ब्रेलची दगदग कशाला?’ असं सुशिक्षित माणसंसुद्धा म्हणतात. मोबाइलने खरोखरच मोठी सोय केली आहे, याबद्दल वादच नाही. संगणकावरचा एनव्हीडीए हा पडदावाचक फुकट मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच, आणि मराठी वाचणारे आवाजही आता आहेत. मोठ्या झालेल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलींना याचा केवढा आधार! पण जिला अजून अक्षरओळख व्हायची आहे तिला फक्त ऐकवत राहिलं तर ती ऐकायला शिकेल, वाचायला नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ कानाला सारखेच वाटतात. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, परिच्छेद कुठे सुटतो, अवतरणचिन्ह कुठे लागतं, हे बोटाखाली आल्याशिवाय कळत नाही. डोळस मुलाला कुणी ‘आता ध्वनिफीत आहे, तुला बाराखडी नको’ असं म्हटलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. मग अंध मुलीला हे सांगताना आपली जीभ कशी अडखळत नाही?

अर्थात प्रत्येकाला ब्रेल लागतं असंही नाही. दृष्टिदोष असलेल्या अनेक मुलांना थोडंफार दिसतं. त्यांना हवा असतो मोठा, ठळक टाइप, चकचकीत नसलेला कागद, चांगला उजेड आणि एखादं भिंग. एवढ्या गोष्टी तर कुठल्याही वाचनालयाला परवडाव्यात. चित्रांवरच मजकूर छापायची हल्लीच्या बालपुस्तकांची जी फॅशन आहे, ती मात्र या मुलांचा जीव घेते.

पुस्तकं नाहीतच असंही नाही. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय जुनं आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र २००३ पासून काम करतंय. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. सदस्य संस्थेमार्फत नाव नोंदवलं की घरबसल्या पुस्तकं उतरवून घेता येतात. कायदाही बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी नफा न कमावता पुस्तकाचं ब्रेल किंवा ध्वनिरूप करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा मर्राकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब करणारा पहिला देश भारत होता. आपल्या लेकीसाठी एखादं पुस्तक मोबाइलवर रेकॉर्ड करणारी आई काही चोरी करत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकलं तर मात्र प्रकरण वेगळं.

अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या टंकांत जुळवली गेली. त्या फाइली संगणकाला वाचायला दिल्या तर तो अगम्य इंग्रजी अक्षरं बडबडत सुटतो. तीच फाइल युनिकोडमध्ये असती तर तिच्यापासून ब्रेल, मोठा टाइप आणि आवाज हे तिन्ही प्रकार तयार करणं सोपं गेलं असतं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांनी निदान यापुढची पुस्तकं तरी युनिकोडमध्ये जपून ठेवावीत. याला पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

मग बाकी उरतं ते चित्रांचं. लहान मुलांच्या पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रातच असते. उठावाची चित्रं काढून देतात काही जण, पण हत्ती कधी चाचपलेलाच नसेल तर उठावाची रेघ म्हणजे नुसती रेघ. इथे आपल्या बायकांचा हात चालू शकतो. गोष्टीची पिशवी करायची. चिऊताईचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं. तर पिशवीत मेणाचा तुकडा आणि सुकलेली गोवरी ठेवायची. मुलाला मेण नखाने कोरू दे, गोवरी हातात कुस्करू दे. पाण्याने काय वाहून गेलं असेल, हे ते स्वतःच सांगेल. म्हातारीच्या गोष्टीला खराखुरा भोपळा, आत म्हातारी बसेल का हे दोन्ही हातांनी मापायला. गोधडीसारखी कापडी पानं शिवून त्यावर बटण, लोकर, पॉलिश पेपर, सुतळी लावलेलं पुस्तक तर आपल्यातली कुणीही करील. इंग्लंडमध्ये क्लिअरव्हिजन नावाचं टपालातून पुस्तकं देणारं वाचनालय छापील बालपुस्तकांच्या पानांमध्ये ब्रेल उठवलेली पारदर्शक प्लास्टिकची पानं घालतं. डोळस आई आणि अंध मूल, किंवा अंध आई आणि डोळस मूल, एकाच पुस्तकावर मान वाकवून वाचू शकतात. पाटी आणि जाड प्लास्टिक मिळालं तर हे घरीही करता येतं.

वाढदिवसाला अंधशाळेत जिलबी वाटायला जाणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. चार जानेवारीला, लुई ब्रेलच्या जन्मदिवशी, हार-तुरेही होतात. संस्थांना खरी चणचण असते ती दर आठवड्याला ठरल्या वेळी येऊन वाचून दाखवणाऱ्या माणसांची, आणि परीक्षेच्या दिवसांत लेखनिकांची. रेकॉर्डिंग करायला जात असाल तर नाटकी आवाज काढू नका. लहान मुलांसाठी थोडी लकेर ठीक. पान क्रमांक सांगा, चित्रात काय आहे ते दोन वाक्यांत सांगा, आणि शेजारचा प्रेशर कुकर आधी बंद करायला लावा.

राहता राहिली वाचनालयं. ब्रेलचं पुस्तक जाडजूड असतं, छापील एका पानाची दोन-तीन पानं होतात, शिवाय पुस्तकं एकावर एक रचली तर ठिपके दबतात, त्यामुळे ती उभी ठेवावी लागतात. प्रत्येक वाचनालयाने असं कपाट भरावं हा हट्ट व्यवहाराला धरून नाही. पण तालुक्याच्या एका वाचनालयाने पुस्तकं ठेवली आणि बाकीच्यांनी मागणीप्रमाणे मागवून घेतली, तर काय बिघडतं? अंधांसाठीच्या साहित्याच्या सात किलोपर्यंतच्या पुडक्याला टपाल खातं तिकीट लावायला सांगत नाही. ही सवलत जुनी आहे. तुमच्या वाचनालयाच्या पुढच्या सभेत पुस्तकखरेदीची यादी निघेल तेव्हा ती कार्यकारी मंडळाला सांगून बघा, आणि गावात असं मूल कुठल्या घरी आहे, त्याचं नाव काय, हे शाळेतल्या बाईंकडून आधी विचारून ठेवा.