गाडीत पंधरा हजार वाचले. ते ब्रेक शिकण्यात जाणार की सायलेन्सरमध्ये?

टेंभुर्णी, अकलूज, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ. सोलापूर जिल्ह्यातल्या यांपैकी कुठल्याही गावात चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तरी एक बदल डोळ्यांत भरतो. जिथं आधी शंभर सीसीच्या गाड्यांची रांग असायची, तिथं आता मधूनमधून अडीचशे-चारशे सीसीची दणकट गाडी उभी दिसते. पुढं उंच काच, मागं बॅगा लावायचं स्टँड, हँडलला मोबाईलचा होल्डर. गाडी असते वीस-बावीस वर्षांच्या पोराची, कर्जावर सही असते वडिलांची.

उसाचं बिल खात्यावर पडलं, की घराघरांत हा विषय निघतोच. पोराला आता साधी गाडी नको असते. महाबळेश्वर, आंबोली, गोवा अशा ट्रिपा मोबाईलवर बघून त्याला ‘स्पोर्ट टूरिंग’ गाडी हवी असते. घरात वाद होतो तो किमतीवर आणि हप्त्यावर. ही गाडी थांबवायची कशी, हे पोराला येतं का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

जीएसटीनं गणित बदललं

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 3 टक्के सेस होता, तिथं सरळ 40 टक्के कर लागला.

हिशोब सोपा आहे. कर धरण्याआधी दीड लाखाच्या गाडीवर पूर्वी 42 हजार रुपये कर बसायचा, आता 27 हजार बसतो. म्हणजे 15 हजारांचा फरक. त्यामुळं दीडशेची गाडी घ्यायला निघालेला पोरगा दोनशेवर, दोनशेवाला अडीचशेवर जायला बघतो. कर कमी झाला हे चांगलंच. पण त्यासोबत जास्त ताकदीची गाडी कमी सराव असलेल्या हातात लवकर येते, ही त्याची दुसरी बाजू आहे.

स्पोर्ट टूरिंग म्हणजे काय, आणि ती कुणाची?

लांबच्या प्रवासात दमवत नाही आणि वेगातही डगमगत नाही, अशा गाडीला स्पोर्ट टूरिंग म्हणतात. रेसच्या गाडीसारखं त्यात टाकीवर पालथं पडावं लागत नाही आणि समोरची काच छातीवरचा वारा अडवते. आपल्याकडच्या किमतीत बजाज डॉमिनार 250 आणि 400, सुझुकी जिक्सर एसएफ 250, हिरो करिझ्मा एक्सएमआर ही नावं या रांगेत घेतली जातात. यांतल्या बऱ्याच गाड्या तालुक्यात सेकंड हँड बाजारातूनही येतात.

या गाड्यांत चांगली-वाईट अशी निवड नसते. कुणासाठी आणि कुठल्या रस्त्यासाठी, एवढंच बघायचं असतं.

घरी रोज चालवली जाणारी स्प्लेंडर 8 पीएस ताकदीची आणि साधारण 112 किलोची. डॉमिनार 400 ची ताकद 40 पीएस, वजन 193 किलो. ताकद पाचपट झाली, वजन मात्र दुपटीच्या आतच राहिलं. म्हणजे मूठ तेवढीच पिळली तरी गाडी भलतीच पुढं झेपावते. आणि वस्तीच्या कच्च्या वाटेवर उतरताना पाय घसरला, तर 193 किलो एका पायावर पेलत नाही. करिझ्मा एक्सएमआर आणि जिक्सर एसएफ 250 यांची ताकद 25-26 पीएसच्या आसपास आणि वजन 160 किलोच्या थोडं वर. स्प्लेंडरवरून येणाऱ्या पोराला हीसुद्धा तिप्पट उडीच आहे, पण सरावानं आवरता येणारी.

दुसरी गोष्ट रोजच्या वापराची. लुगडं नेसलेली आई एका अंगानं बसते, दुधाची किटली टांगायची असते, कधी पेंडीचं पोतं आणायचं असतं. स्पोर्ट टूरिंग गाडीचं मागचं सीट उंच आणि अरुंद असतं. चेन, टायर, ब्रेक पॅड यांचा खर्च जास्त येतो, ॲव्हरेज शंभर सीसीच्या निम्म्याच्या आसपास पडतं. घरात ही एकच गाडी असणार असेल, तर 125 ते 160 सीसीची ताठ बसायची गाडी हाच शहाणा सौदा. दुसरी गाडी म्हणून आणि खरोखर लांबचा प्रवास होणार असेल तरच अडीचशेचा विचार करावा. चारशेची गाडी अडीचशेवर दोन पावसाळे काढल्यानंतर.

सेकंड हँड घेणाऱ्यानं आधी टायर बघावा. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो. ‘2321’ म्हणजे 2021 सालातल्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. पुढच्या शॉकअबसला तेल गळतंय का, हँडल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, एवढं तरी तपासावं. आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

सीसी मोजतात, मीटर कोण मोजणार?

धोका दिसलेला मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि नीट लावलेला ब्रेक धरून हिशोब केला, तर ताशी 60 ला गाडी थांबायला सुमारे 40 मीटर लागतात. 80 ला 63 मीटर. 100 ला 92 मीटर.

60 वरून 100 म्हणजे वेग दुपटीपेक्षा कमीच वाढला, पण थांबायचं अंतर दुपटीहून जास्त झालं. गाडीच्या जाहिरातीत किती सेकंदांत किती वेग पकडते हे मोठ्या अक्षरात असतं. थांबायला किती जागा लागते हे स्वतःलाच मोजावं लागतं.

आता हा हिशोब जिल्ह्यातल्या रस्त्यांवर मांडून बघावा. पुणे-सोलापूर महामार्ग आधीपासून होताच. आता नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग आणि सांगोला-मंगळवेढ्यावरून सोलापूरला जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्गही रुंद झाले. रस्ता पसरला, वेग वाढला. पण त्याच रस्त्याच्या कडेला शेतं आहेत, वस्त्या आहेत. दुभाजकाच्या फटीतून बैलगाडी येते, वळसा वाचवायला ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतो, संध्याकाळी शेळ्या रस्ता ओलांडतात. रस्ता महामार्गाचा आणि वापर गाडीवाटेचा, हे दोन्ही एकाच ठिकाणी.

त्यात गाळपाचा हंगाम. रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर संथ चाललेला असतो. मागं दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. डिपर मारून, म्हणजे खालच्या झोतात चालवताना गाडीचा उजेड ढोबळमानानं चाळीस-पन्नास मीटरच नीट पोचतो. 80 ला थांबायला 63 मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली दिसली त्या क्षणी ब्रेक दाबला तरी गाडी वेळेत थांबत नाही. इथं नशिबाचा काही संबंध नाही, ही निव्वळ वजाबाकी आहे. अंधारात, समोरून वाहन असताना 50-60 च्या वर जायचं नाही, हा नियम त्या वजाबाकीतून येतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 चा अहवाल हेच सांगतो. त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जण गेले. त्यातले जवळपास 45 टक्के दुचाकीवरचे होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे 68 टक्के ग्रामीण भागातले. हेल्मेट नसलेले 50,029 जण गेले, त्यातले 14,337 मागं बसलेले होते.

आठ काढला, पण ब्रेक कुणी शिकवला?

आरटीओच्या मैदानात किंवा तालुक्याच्या कॅम्पात आठ काढून दाखवला, पाय टेकला नाही, की पोरगा पास. आठ काढणं वाईट नाही, त्यात तोल कळतो. पण तो दहा-पंधराच्या वेगाचा तोल. 60 वर अचानक कुत्रं आडवं आलं तर काय करायचं, हे त्यात येत नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूल तालुक्यात आहेत, तिथं कार शिकवतात. दुचाकी मात्र चुलतभावाच्या मागं बसून, शेताच्या बांधावर शिकली जाते. सायकल येते म्हणजे गाडी येते, असा समज.

शिकण्यासारखं बरंच आहे. सुरुवातीला या पाच गोष्टी पुरतात. मोकळं मैदान, एक रविवार आणि सोबतीला एक जाणता माणूस हवा.

1. पुढचा ब्रेक. ‘पुढचा दाबला की पालथं पडतो’ हे गावात ठसलेलं आहे. खरं तर थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं. पडतो तो एकदम आवळणारा. हँडल सरळ ठेवून, लिंबू पिळतो तसा हळूहळू वाढवत दोन्ही ब्रेक लावायचे. 30 वरून सुरुवात, मग 40, मग 50. प्रत्येक वेळी थांबायला किती पावलं लागली ती मोजायची.

2. एबीएस म्हणजे काय नाही, ते समजणं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, म्हणून हँडल हातात राहतं. पण खडीवर, मातीवर, चिखलावर ते अंतर कमी करत नाही. ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावर आणि चिखलावर तर मुळीच भरवसा ठेवू नये.

3. वळणाआधी वेग कमी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर गाडी सरळ पळते. नजर खड्ड्यावर ठेवली तर गाडी खड्ड्यातच जाते. जिथं जायचंय तिकडं बघायचं.

4. मागं माणूस बसवून सराव. दोघं बसले की थांबायचं अंतर बदलतं, तोल बदलतो. ट्रिपला निघायच्या दिवशी हे पहिल्यांदा कळू नये.

5. दर दीड तासाला थांबा. लांबच्या प्रवासात झोप येण्याआधी लक्ष उडतं. आधी गावापासून शंभर किलोमीटर, मग दोनशे, मग घाट. पहिलीच ट्रिप पावसात आंबोलीची नको.

वडिलांच्या नावावरची गाडी आणि विम्याची फट

गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याच्या नावातच अट आहे: जो मालक, तोच चालक, आणि त्याच्याकडं चालू लायसन्स. कर्ज वडिलांच्या नावावर, म्हणून गाडीही वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असं बहुतेक घरांत असतं. मुलाला काही झालं तर हे 15 लाख लागू होत नाहीत. चालवणाऱ्यासाठी आणि मागच्यासाठी जादा कव्हर पॉलिसी काढतानाच मागून घ्यावं.

लायसन्स नसताना चालवलं तर दंड 5 हजार. हेल्मेट नसेल तर एक हजार, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाला 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, असा कायदा आहे. ‘अकरावीला गेला, आता गाडी दिली’ असं कौतुकानं सांगणाऱ्या बापानं हे कलम एकदा वाचावं.

एकट्या पोराला दोष देऊन भागणार नाही

ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावून तो झाकला जाणार नाही हे बघणं कारखाना आणि वाहतूकदाराचं काम आहे. दुभाजकाच्या बेकायदा फटी बंद करून गावाला जवळ, सोयीचा वळण-रस्ता देणं महामार्गवाल्यांचं काम आहे. लायसन्सच्या कॅम्पात आठसोबत 40 च्या वेगावरून ब्रेक मारून दाखवायला लावलं, तर त्याला वेगळा निधीही लागत नाही, फक्त पन्नास मीटर जास्त जागा लागते. आयटीआय, महाविद्यालयं आणि ग्रामपंचायतींकडं मैदानं आहेत. शोरूमवाल्यांनाही गाडीची चावी देताना अर्धा तास ब्रेकचा सराव करून घेता येईल.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर घरात जो निर्णय व्हायचा, तो घरातच करता येतो.

कर कमी झाल्यानं दीड लाखाच्या गाडीत 15 हजार वाचले. तालुक्यात त्या पैशांत आज काय होतं? आवाजाचा सायलेन्सर बसतो, रंगीत दिवे लागतात, रिमला स्टिकर येतात. त्याच पैशांत आयएसआयचं, हनुवटीपर्यंत झाकणारं एक हेल्मेट चालवणाऱ्याला आणि एक मागच्याला येतं. हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, जादा विमा, आणि सरावाच्या चार-पाच रविवारांचं पेट्रोल, एवढं सगळं त्यात बसतं.

वडिलांनी सही करायच्या आधी पोराला एवढंच सांगावं: मैदानात चल, 50 च्या वेगानं ये आणि या चुन्याच्या रेषेवर ब्रेक मार. गाडी सरळ, न घसरता थांबली, तर सही. नाही थांबली, तर आधी शिक. शोरूम कुठं पळून जात नाही.